गाद्या येण्याआधी

पुढच्या महिन्यात आमच्या देवळातल्या बाकांवर गाद्या बसणार. बाकं चोवीस आहेत, बारा बायकांच्या बाजूला आणि बारा पुरुषांच्या. पंचांच्या बैठकीत ठराव झाला, वर्गणीची वही घरोघर फिरली, गादीवाले चाचा येऊन मापं घेऊन गेले. मागणी पहिल्यांदा केली ती माझ्या आईनेच. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि तिचं माकडहाड दुखावलं. तेव्हापासून अर्ध्या तासावर तिला लाकडावर बसवत नाही. शास्त्रपाठ होईपर्यंत ती कशीबशी तग धरते. उपदेश सुरू झाला की उठते आणि मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहते. पाळकसाहेब तिला हाताने बसायची खूण करतात, ती मान हलवते. गेल्या पावसाळ्यात तर ती यायचीच बंद झाली होती.

तेव्हा गाद्या हव्यात, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण त्या आल्या की काही गोष्टी झाकल्या जातील आणि काही संपतील. त्या मी लिहून ठेवते आहे.

चर्चला आम्ही देऊळ म्हणतो. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतून अजून हाच शब्द ऐकू येतो. पुण्यात नोकरीला गेलेली आमची मुलं 'चर्च' म्हणतात आणि गावी आली की दोन दिवसांत पुन्हा 'देऊळ' म्हणायला लागतात.

खोलगा. बायकांच्या बाजूचं तिसरं बाक, खिडकीकडचं टोक. तिथे सागवान बसून बसून झिजलं आहे. डोळ्यांना चटकन दिसत नाही, तळवा फिरवला की कळतं. फळी मधोमध किंचित उतरते आणि कडेला पुन्हा चढते. रंगही तिथे निराळा आहे. बाकीची फळी करडी-तपकिरी पडली आहे, हा भाग काकवीच्या रंगाचा, आणि त्याला एक चकाकी आहे जी पॉलिशने येत नाही. नऊवारीच्या काष्ट्याने, पुढे पाचवारीने आणि आता पंजाबी ड्रेसने दर रविवारी ते पुसलं गेलं आहे. खोलग्याच्या डाव्या अंगाला लाकडात एक गाठ आहे. लहानपणी मला ती डोळ्यासारखी वाटायची. उपदेश लांबला की मी बोटाने तिच्याभोवती फिरत राहायचे. आता माझी भाची फिरते. ही गाठ गादीच्या खाली जाणार.

नावं. ही पुरुषांच्या बाजूला जास्त. कर्कटकाने कोरलेली आद्याक्षरं, एक वाकडा क्रूस, एक '२५-१२-६८'. शेवटच्या तीन बाकांवर सर्वांत दाट, कारण तिथे पोरं बसायची. बायकांच्या बाजूला कोरीवकाम नाही, केसांच्या आकड्यांचे ओरखडे आहेत.

तेलाचे डाग. आमच्याकडे गुडघे टेकून प्रार्थना करायची रीत नव्हती. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत माणसं बसूनच मान खाली घालायची. वय झालेल्या बायका पुढच्या बाकाच्या वरच्या पट्टीवर कपाळ टेकायच्या. त्यामुळे प्रत्येक बाकाच्या पाठीवर मागच्या अंगाने हातभर अंतरावर खोबरेल तेलाचे काळपट गोल उमटले आहेत. पुसून जात नाहीत. 'पाठीलाही फोम लावू, शोभेल,' असं चाचांचं म्हणणं होतं. पंचांनी खर्चाकडे बघून नको म्हटलं, म्हणून हे डाग वाचले.

चौघडी. ही मला जवळून दाखवायची आहे.

आमच्या देवळात गादी नव्हती असं म्हणणं खरं नाही. बायका आपापली गादी काखेत घेऊन यायच्या. जुन्या लुगड्याचे तुकडे एकावर एक चार-पाच थर रचून, कडेकडेने धावदोरा घालत आत वळत आणलेली, बाकाच्या रुंदीएवढी छोटी गोधडी. पिशवीत बायबल, 'उपासना संगीत', चष्म्याचं घर आणि ही चौघडी. आल्या आल्या बाकावर टाकायची, हाताने एकदा थोपटायची आणि मग बसायचं. कोण आलं नाही ते चौघडीवरून कळायचं. जिची जागा उघडी, ती आजारी किंवा लेकीकडे गेलेली.

आजीची चौघडी माझ्यासमोर आहे. वरचा थर हिरव्या इरकली लुगड्याचा, त्याचा काठ अजून शाबूत. खालचा थर पांढरा, तो आजोबांच्या धोतराचा. ते गेल्यावर तिने त्यांची दोन्ही धोतरं फाडली, एकाची पुसायची फडकी केली आणि दुसरं यात घातलं. टाके मोठे आहेत, गव्हाच्या दाण्याएवढे, आणि ओळी सरळ नाहीत, कारण तोपर्यंत तिला नीट दिसत नव्हतं. मधल्या एका ओळीत दोरा संपला आणि तिने पुढे लाल दोरा घेतला. वास आता गेला आहे. पूर्वी लवंगेचा यायचा, ती पदराच्या गाठीत लवंगा ठेवायची.

या चौघडीची जाडी अर्धा इंचही नाही. एवढ्याच जाडीच्या चौघड्यांवर ती चाळीस वर्षं बसली. आज देवळात चौघडी आणणाऱ्या तीनच बायका उरल्या आहेत. गाद्या आल्यावर त्याही आणणार नाहीत, कशाला आणतील?

इंग्लंडात विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये १९३१ साली लुइझा पेसेल नावाच्या भरतकामाच्या जाणकार बाईंनी शेकडो बायका जमवल्या आणि गुडघे टेकायच्या उशा, बाकांच्या लांब गाद्या भरून घेतल्या. त्या काळजीपूर्वक जपलेल्या आहेत, लोक बघायला जातात. पुढे त्या देशात गावोगावच्या बायकांनी हा उद्योग उचलला. मला हे वाचून फार बरं वाटलं, आणि आमच्या चौघड्यांची एकही यादी कुणी केली नाही याचं वाईटही वाटलं. त्यात नक्षी नव्हती म्हणून असेल. लुगडं विटलं, फाटलं की त्याची चौघडी, चौघडी फाटली की पायपुसणं, आणि मग चूल. जपून ठेवायला काही उरायचंच नाही.

सतरंजी. बाकांच्या आधी सतरंजी होती, आणि सतरंजीच्या आधी सारवलेली जमीन. आमचं मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, नगरला त्यांचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. खेड्यातलं देऊळ म्हणजे एक खोली. सोमवार ते शनिवार तिथे शाळा आणि रविवारी उपासना. मुलं जमिनीवर बसायची तिथेच आईबाप बसायचे. कृष्णराव सांगळे आणि पुढे ना. वा. टिळक यांनी कीर्तन आणि भजन उपासनेत आणलं, ते सगळं मांडी घालून, टाळ घेऊन करायचं गाणं. बाकावर बसून टाळ वाजवायला कोपर अडतं.

आमची शेवटची सतरंजी, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, नाताळात लहान मुलांसाठी वेदीपुढे अंथरायचे. आता तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या लागतात.

बाक. म्हणजे बाकाची लाकडी फळी नव्हे, बाकावर बसणं.

आमच्या मंडळीतली बहुतेक घरं महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून ख्रिस्ती झालेली. माझ्या आजोबांना त्यांच्या गावच्या शाळेत वर्गाबाहेर ओट्यावर बसवत. चावडीत काम पडलं तर उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. मिशनच्या शाळेत ते पहिल्यांदा आत बसले, पण तिथे सगळेच खाली बसत. उंचावर, लाकडी बैठकीवर, पाठीला टेकण असलेल्या जागेवर ते पहिल्यांदा बसले ते या देवळात. सतरा वर्षांचे होते. ते सांगायचे, 'बसलो खरा, पण पाय कुठं ठेवायचे तेच कळंना.' मांडी घालून बसणाऱ्याला पायांचा विचार करावा लागत नाही.

आजोबा बाकाला टेकून कधी बसले नाहीत. पाठ ताठ, दोन्ही हात मांड्यांवर, पायांतले जोडे दाराबाहेर. बाकं सरळ पाठीची आहेत, बसका सपाट आहे, कुणालाही अर्ध्या तासात अवघडायला होतं. पण बाक कडक आहे असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. आजी चौघडी पुढे करायची, ते ती बाजूला सरकवायचे. त्यांच्या पिढीतली सगळी माणसं अशीच बसायची. आज ती सगळी गेली आहेत, आणि त्यांच्याबरोबर ते बसणंही गेलं आहे. ते गाद्यांमुळे जातंय असं मी म्हणणार नाही, ते आधीच गेलं. पण उघडी फळी समोर होती तोवर मला ते दिसायचं.

आमचे मिशनरी ज्या बोर्डाने पाठवले त्याच्या बॉस्टन शहरातला बाकांचा इतिहास अगदी उलट आहे. तिथलं ओल्ड नॉर्थ चर्च १७२३ सालचं. आत उंच लाकडी कप्पे आहेत, प्रत्येकाला दार. कप्पा घराण्याने विकत घ्यायचा, मग आत आपल्या ऐपतीप्रमाणे अस्तर लावायचं, गाद्या घालायच्या, हिवाळ्यात पाय शेकायला निखाऱ्यांचं भांडं आणायचं. इंग्लंडातही तीच तऱ्हा. भाड्याच्या कप्प्यांत हिरवं लोकरी कापड आणि गादी, आणि गरिबांसाठी उघडी बाकं, त्यांपैकी कित्येकांवर 'मोफत' असं रंगवलेलं असे. एकोणिसाव्या शतकात याविरुद्ध तिथे चळवळ उभी राहिली आणि हळूहळू भाडी बंद झाली. म्हणजे गादी कुणाखाली आहे आणि कुणाखाली नाही, यावरून माणसाची पायरी ठरायची. आमच्याकडे ही भानगड आली नाही. सगळ्यांना सारखंच टोचलं. वर्गणीच्या वहीत कुणीतरी 'आमच्या बाकापुरते पैसे देतो, नाव घाला' असं सुचवलं तेव्हा पंचांनी ते नाकारलं, आणि मला त्यांचा अभिमान वाटला. चोवीस बाकांना एकच कापड, नाव कुठेही नाही.

बंदुकीची खाच. ही आमच्याकडची नाही, मुंबईची. कुलाब्याला अफगाण चर्च आहे, पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं, १८५८ साली उघडलं. तिथल्या बाकांना बंदुका अडकवायला खाचा आहेत. मेरठचा उठाव झाला तो १० मे १८५७, रविवार. त्यानंतर गोऱ्या शिपायांनी उपासनेलाही हत्यार घेऊनच बसायचं, असा दंडक पडला. बाक बघून त्याच्यावर बसणाऱ्याच्या मनातली भीती कळते, असं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. आमच्या बाकांनाही पाठीमागे खाचा आहेत, छत्र्यांसाठी.

दानाची पिशवी. जांभळ्या मखमलीची, लांब दांड्याची, बाकाच्या टोकाशी उभं राहून पंचांनी आत सरकवायची. नाणं आत पडलं की आवाज व्हायचा, नोट पडली की नाही व्हायचा. आता भिंतीवर मोबाईलने पैसे भरायचा चौकोन चिकटवला आहे. याचा गादीशी संबंध नाही, पण यादीत असू दे.

उत्तम शुक्रवार. बारा ते तीन. वधस्तंभावरचे सात उद्गार, सात उपदेश, मध्ये गीतं आणि मौन. मार्च-एप्रिलातलं आमच्याकडचं ऊन, पंखे गरगर फिरून गरमच हवा खाली लोटणारे. तीन तास त्या बाकावर बसणं ही वर्षातली एकच गोष्ट होती जी मुलांनाही चुकायची नाही. दुसऱ्या उद्गाराला मांडीच्या मागची शीर दुखायला लागायची. चौथ्याला सगळं देऊळ चुळबुळायचं, आणि ती चुळबुळ दबक्या करकरीसारखी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जायची. पाचवा उद्गार 'मला तहान लागली आहे' हा, आणि तेव्हा आम्हाला खरंच लागलेली असायची. आई डोळे वटारायची. कुणीही पाणी प्यायचं नाही.

लाकूड मात्र थंड असायचं. उन्हाळ्यात उघड्या पोटरीला सागवानाचा जो गारवा लागतो तो कुठल्याही कापडातून लागणार नाही. चाचांनी पहिल्यांदा तांबडं रेक्झिन आणलं होतं, पुसायला सोपं म्हणून. मी त्यांना म्हटलं, 'चाचा, एप्रिलात यावर बसून बघा.' त्यांनी तुकडा देवळाच्या पायरीवर उन्हात ठेवला, दहा मिनिटांनी हात लावला आणि गुंडाळून पिशवीत घातला. आता जाड सुती कॅनव्हास ठरलं आहे, मातकट रंगाचं, मागे चेन, म्हणजे काढून धुता येईल.

आवाज. हे मला सर्वांत उशिरा उमगलं, म्हणून जरा सविस्तर.

नमुन्यादाखल चाचांनी चार बाकांच्या गाद्या आधी करून दिल्या. त्या रविवारी पहिलं गीत सुरू झालं आणि मला वाटलं आपल्याच कानात दडा बसला आहे. पेटी तीच, तबला तोच, माणसं तीच. तरी गाणं छताकडे न जाता जागच्या जागी विरत होतं. शेजारच्या काकूंनाही तसंच वाटलं. उपदेश मात्र स्वच्छ ऐकू आला, एरवी मागे बसणाऱ्यांना निम्मा कळायचा नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे कोडं सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवलेलं आहे, आणि तेही बाकांच्या गाद्यांनीच. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात, बॉस्टनच्या शेजारीच, एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळेना. शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढची बारा-पंधरा अक्षरं त्याच्यावर येऊन आदळायची. वॉलेस सॅबाईन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या बैठकींच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, कारण दिवसा त्या लागायच्या आणि रस्त्यावर गोंगाटही असायचा. थोड्या गाद्या ठेवायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची, आवाज विरेपर्यंत घड्याळ धरायचं, आणखी गाद्या ठेवायच्या. पहाटेपूर्वी सगळ्या परत नेऊन जागच्या जागी. अशा कित्येक रात्रींतून त्याने घुमण्याचा नियम काढला आणि त्यावर बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला, १९०० साली.

त्याला आणखी एक गोष्ट सापडली. एक माणूस जेवढा आवाज शोषून घेतो तेवढा शोषायला सुमारे सहा गाद्या लागतात.

हे वाचून मी वही घेऊन बसले. आमच्या बाकावर दाटीवाटीने सहा माणसं बसतात. चोवीस बाकं, एकशे चव्वेचाळीस माणसं. माझ्या लहानपणी नाताळाला तेवढी भरायचीच, वर मुलं मांडीवर. एरवीच्या रविवारीही शंभराच्या पुढे असायची. आता पन्नास, फार तर पंचावन्न. कुणी पुण्याला चाकणच्या कारखान्यांत, कुणी मुंबईला, कुणी पांढऱ्या कपड्यांत नर्स होऊन आखाती देशांत. भरल्या देवळाच्या मानाने नव्वद माणसं कमी झाली आहेत. सॅबाईनच्या हिशेबाने पाचशे चाळीस गाद्या.

म्हणजे गेल्या काही वर्षांत उपदेश घुमायला लागला होता, पाळकसाहेबांनी दोनदा स्पीकर बदलून पाहिले, तो दोष स्पीकरचा नव्हता. देऊळ रिकामं झालं होतं. आणि आता जिथे माणसं बसायची तिथे आपण फोम ठेवतो आहोत, आणि आवाज पुन्हा थोडासा तसा होईल जसा माणसं होती तेव्हा होता. हे मी पंचांच्या बैठकीत बोलले नाही. आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग एकेका बाकावर कोण कोण बसायचं ते नावानिशी सांगू लागली, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत. मध्ये एकदाच अडखळली, आठव्या बाकाला.

करकर. चौदावं बाक, पुरुषांकडचं. उभं राहताना ते कण्हायचं. त्याचे सांधे खिळ्यांचे नाहीत, लाकडी खुंट्यांचे आहेत, त्यातली एक सैल झाली आहे. चाचा म्हणाले, 'जाता जाता ठोकून देतो.' मी नको म्हणाले नाही.

पिंजण. चाचांच्या वडिलांकडे धनुकली होती. ते दारोदार जायचे, गादी उसवून कापूस पिंजायचे, आणि ताणलेल्या तातीवर मुठीचा दणका बसला की 'टंग टंग' असा आवाज गल्लीभर जायचा. आम्ही मुलं कापसाच्या धुरळ्यात उभी राहायचो आणि खोकत घरी यायचो. चाचांनी ती धनुकली घरी आढ्याला टांगून ठेवली आहे, ती चालवायला आता कुणी नाही. कापूस पिंजायला यंत्र आलं, मग कापसाची गादीच कुणी करेना. आता ते फोमचे तक्ते आणतात, धारदार लांब सुरीने कापतात, रबराच्या डिंकाने चिकटवतात. मी विचारलं, बाकाला कापसाची गादी नाही का चालणार? त्यांनी हातानेच दाखवलं: कापूस दोन महिन्यांत बसतो, मधे दबतो, कडेला गोळे होतात. दर वर्षी उसवून पिंजावा लागेल. 'आणि ढेकूण, ताई.' ते मलाही आठवत होतं. सांध्यांतून घासलेट सोडायचे, त्या रविवारी सगळ्या देवळाला त्याचा वास.

दोन इंच. फोम घनतेवर विकतात, बत्तीसची स्वस्त, चाळीसची महाग. पंचांना बत्तीसची दोन इंची हवी होती, फुगीर आणि छान दिसते. नमुन्याच्या गादीवर आई बसली आणि तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले. ती चार फूट दहा इंच आहे, आणि तिच्या वयाच्या बहुतेक बायका तेवढ्याच. पाय लोंबकळले की मांडीच्या मागे बाकाची कड रुतते आणि मुंग्या येतात. थोड्या वेळाने फोम दबून खाली लाकूड लागलं ते वेगळंच. चाळीसची दीड इंची ठेवली तेव्हा तिची टाच टेकली. तेवढ्या अर्ध्या इंचासाठी मी पंचांशी दोन बैठका भांडले. तेवीसशे रुपये जास्त पडले आणि ते मी आनंदाने भरले.

नाड्या. दुसरं भांडण हे. चाचांना गादी बाकाला पक्की करायची होती, खाली प्लायची फळी, कापड ताणून त्यावर स्टेपल आणि कडेने चुका ठोकून. 'दहा वर्षं बघायला नको.' त्यांचं खरं होतं. सैल गादी सरकते, पोरं ओढतात, उडवतात. पण पक्क्या गादीखाली हवा जात नाही. पावसाळ्यात ओल धरते आणि वाळवीला आत काय चाललं आहे ते बाहेर कळू न देता खाता येतं. आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका देवळात असंच झालं. गाद्या काढल्या तेव्हा बसका हातात भुगा होऊन आला. सागवान सहसा लागत नाही म्हणतात, पण तिथे दुरुस्तीत आंब्याच्या फळ्या बसवल्या होत्या.

मी म्हटलं, 'चाचा, नाड्या लावा. चार कोपऱ्यांना चार आणि मधे दोन. खालून गाठ.'

'पेटीकोटासारख्या?'

'तशाच.'

ते आईकडे बघून म्हणाले, 'मावशी, तुमची लेक ऐकत नाही.' आई म्हणाली, 'लावा नाड्या. महिन्यातून एकदा काढू आणि फळी पुसू. मी येईन पुसायला.'

माकडहाड दुखणारी बाई चोवीस बाकं कशी पुसणार ते कुणी विचारलं नाही. नाड्या ठरल्या.

गाठ कुठे मारता येईल ते बघायला त्या दिवशी आम्ही एक बाक उलटं केलं, तिसरं, खिडकीकडचं. चौघांना उचलावं लागलं. खालून ते मी पहिल्यांदाच पाहत होते. तिथे पॉलिश नाही, रंधाही नीट फिरवलेला नाही, लाकूड ताजं आहे, पिवळसर, जसं कापलं तेव्हा असेल. कोळ्याची जाळी, पेपरमिंटचा कागद, शब्बाथ शाळेचं एक चित्रकार्ड, त्यावरचं मेंढरू अर्धं कुरतडलेलं. फटीत अडकलेलं ॲल्युमिनियमचं तीन पैशांचं नाणं. ते कुणीतरी पिशवीत टाकता टाकता निसटलं असेल, किंवा टाकलंच नसेल.

आणि फळीच्या टोकाशी सुताराच्या पेन्सिलीने, जाड, तिरक्या अक्षरात लिहिलेलं: ८-४.

चाचांनी टेप लावली. एक टोक मी धरलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला. आठ फूट चार इंच. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, जुन्या आकड्याच्या खाली आपला आकडा लिहिला, आणि म्हणाले, 'आता सरळ करा.'